‘आई, शेण कोणी फेकलं?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात : माझी मुलगी दुसरीत आहे, मुलगा मोठ्या शिशूत. 3 जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती. मुलींनी नऊवारी नेसून यायचं आणि दहा ओळींचं भाषण करायचं, असा निरोप वर्गाच्या ग्रुपवर आला. पाठांतर चालू असताना ‘लोकांनी त्यांच्या अंगावर शेण फेकलं’ या ओळीवर मुलगी थांबली. ‘कोणी फेकलं? त्यांची नावं काय? आपल्यासारखे होते का ते?’ आमची जात पाहता खरं उत्तर ‘हो, असतील’ असंच आहे. मी गप्प बसले. सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशा पोरीला हे कशाला? नवरा म्हणतो, आत्ता पाठ करून घे, मोठी झाली की कळेल. धाकट्याची वेगळीच तऱ्हा. अफजलखानाच्या वधाची गोष्ट ऐकल्यापासून तो प्लॅस्टिकची तलवार घेऊन फिरतो, आणि बिल्डिंगमधल्या त्याच्या मुसलमान मित्राला रोज खान व्हावं लागतं. परवा तो मुलगा रडत घरी गेला. या वयात मुलांना महापुरुषांची फक्त चांगली बाजू सांगावी, बाकीचं मोठेपणी, असं मला वाटतं. पण गप्प बसल्याची टोचणीही जात नाही. काय करू?

ताई,

तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न त्या भाषणाच्या दहाही ओळींपेक्षा मोलाचा आहे. तुम्ही त्या क्षणी गप्प बसलात म्हणून काही बिघडलेलं नाही. मुलं असे प्रश्न सहजासहजी सोडत नाहीत. भलत्याच वेळी, तुम्ही डबा भरत असताना, ती पुन्हा विचारेल. आणि नाही विचारलं तर तुम्हीच विषय काढा. ‘त्या दिवशी तू विचारलं होतंस ना, शेण कोणी फेकलं म्हणून? मी त्याचा विचार करत होते.’ आईलाही एखाद्या प्रश्नाचा विचार करावा लागतो, हे मुलीला दिसलं तर चांगलंच आहे.

आता तुम्ही जे धरून चालला आहात त्याकडे वळू. ‘आत्ता फक्त चांगली बाजू, बाकीचं मोठेपणी.’ ऐकायला हे समंजस वाटतं आणि बहुतेक घरांत असंच चालतं. पण सावित्रीबाईंच्या गोष्टीतून विरोध काढून टाकला तर उरतं काय? एका बाईंनी मुलींची शाळा काढली, एवढंच. तुमची मुलगी रोज शाळेत जाते. तिला शिकवायला बहुधा बाईच असतील, वर्गात जवळपास निम्म्या मुली असतील. तिच्या दृष्टीने मुलींनी शाळेत जाणं ही जगातली सगळ्यात साधी गोष्ट आहे. त्यासाठी कोणाच्या फोटोला हार का घालायचा, हे तिला कळणार कसं? 1848 साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात शाळा भरू लागली तेव्हा शिकवायला निघालेली ही बाई अवघी सतरा वर्षांची होती. रस्त्यात तिला लोक बोलत, तिच्या अंगावर शेण आणि चिखल पडे, म्हणून ती घरातून निघतानाच दुसरं लुगडं बरोबर घेई, असं जुन्या आठवणींमधून आपल्यापर्यंत आलेलं आहे. शाळेत पोचायचं, माखलेलं लुगडं बदलायचं, शिकवायचं, आणि परतताना पुन्हा तेच माखलेलं नेसायचं, कारण परतीच्या वाटेवरही तेच होणार. ते दुसरं लुगडं सात वर्षांच्या मुलीला पूर्ण कळतं. ‘क्रांतिज्योती’ आणि ‘आद्य शिक्षिका’ हे शब्द ती म्हणेल, पण ते तिच्या डोळ्यांपुढे काहीच उभं करणार नाहीत.

शिवाय ‘मोठेपणी’ म्हणून जे बाजूला ठेवतो ते सांगायची वेळ सहसा येत नाही. मूल पाचवी-सहावीत गेलं की बाकीचं सगळं त्याला कोणाच्या तरी मोबाईलवर, व्हॅनमधल्या मोठ्या मुलांकडून, आडनावावरून होणाऱ्या चेष्टेतून मिळतं. तिथे ते ज्या रूपात मिळेल ते तुम्हाला आवडणार नाही.

तर शेण कोणी फेकलं? मी तुमच्या जागी असते तर साधारण असं सांगितलं असतं : ‘पुण्यातल्याच लोकांनी फेकलं. शेजारपाजारच्या, रस्त्याने जाणाऱ्या. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. मुलींनी शिकायचं नाही आणि काही जातींच्या माणसांनी तर मुळीच शिकायचं नाही, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं होतं, आणि ते त्यांना खरं वाटायचं. आपल्यासारखेही होते त्यांच्यात. ते फार वाईट वागले. तू काही केलेलं नाहीस.’

सात वर्षांच्या मुलीला याहून लांब उत्तर नको असतं. ‘ते त्यांना खरं वाटायचं’ हे वाक्य मात्र गाळू नका. ते गाळलं तर शेण फेकणारे म्हणजे कोणीतरी राक्षस होते, ते दिसले की ओळखू येतात, असं तिच्या मनात बसेल. ती साधी माणसं होती, सकाळी पूजा करणारी, स्वतःच्या मुलांचे लाड करणारी, हे तिला कळायला हवं. आणि ‘तू काही केलेलं नाहीस’ हेही स्पष्ट शब्दांत म्हणा. हे न ऐकलेलं मूल लाज मनात धरून बसतं, आणि मनात दडलेली लाज पुढे चिडून बाहेर पडते. आडनावाच्या अभिमानाने तावातावाने भांडणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना लहानपणी हे एक वाक्य कोणी सांगितलेलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

‘जात’ हा शब्द मी उत्तरात वापरला, हे तुम्हाला खटकलं असेल. ‘आम्ही जात मानत नाही, म्हणून मुलांपुढे तो विषय काढत नाही’ असं म्हणणारी घरं मला माहीत आहेत आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण हा विषय न काढण्याची सोय ज्यांना त्या शब्दाने कधी दुखावलं नाही त्यांनाच असते. तुमच्या मुलीच्या वर्गात अशी मुलं नक्की असतील, ज्यांच्या घरी हा शब्द फार लवकर, आणि बाहेरूनच, आलेला आहे.

तिच्याच वयाच्या जवळची एक खरी गोष्ट तिला सांगा. भिवा नावाचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत शिकत होता. 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी त्याचं नाव तिथे घातलं गेलं. तोच दिवस आता आपल्याकडे विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. वर्षभरात उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातली मुलं परगावी नोकरीला असलेल्या वडिलांकडे निघाली. नवे कपडे, चकचकीत टोप्या, नवे जोडे, आगगाडीचा पहिला प्रवास. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आलेलंच नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करत होते. मुलांनी जात सांगितली आणि त्यांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले नेईनात. शेवटी एक जण तयार झाला, पण दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. बरोबर खायला होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. ही हकिगत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मग पुढचं सांगा, की हाच मुलगा मोठा झाला आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला हजारो लोकांना बरोबर घेऊन चवदार तळ्यावर गेला आणि तिथलं पाणी प्यायला. तहान काय असते हे सात वर्षांच्या मुलीला कोणी समजावून सांगावं लागत नाही. ‘सामाजिक समता’ वगैरे शब्द तिला चौथी-पाचवीत भेटतील तेव्हा त्यांच्यामागे त्या गाडीतली तहानलेली मुलं उभी असतील.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण चांगल्या घरांतही नेमकी इथेच वाट चुकते. मुलीने ‘आपल्यासारखे होते का?’ असं विचारलं की पटकन मदत करणाऱ्यांची यादी पुढे करावीशी वाटते. ती यादी खरी आहे. वाडा भिड्यांचाच होता. जोतीरावांच्या कामात सदाशिवराव गोवंडे, मोरोपंत वाळवेकर असे ब्राह्मण मित्र होते. उलट खुद्द जोतीरावांच्या वडिलांनी समाजाच्या दडपणापुढे मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं, आणि तेव्हा उस्मान शेखांनी आसरा दिला. सावित्रीबाईंनी 1856 मध्ये माहेराहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या माघारी शाळेत बरोबर शिकवणाऱ्या फातिमा शेखला किती त्रास पडत असेल, अशी काळजी आहे. हे सगळं मुलीला जरूर सांगा. त्यातून तिला कळेल की कुठल्याही जातीत जन्मलेल्या माणसाला आपण कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे ठरवता येतं. पण आधी प्रश्नाचं उत्तर, मग ही नावं. उत्तराच्या जागी ही नावं सांगितली तर मुलीला एवढंच समजेल की आईला विषय बदलायचा आहे.

आणि मुलीला शोभेलशी आणखी एक व्यक्ती आहे, जिच्याबद्दल शाळेतल्या भाषणांमध्ये क्वचितच ऐकू येतं. मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मातंग समाजातली मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आम्हाला धर्मग्रंथ वाचण्याची बंदी, मग आमचा धर्म तरी कोणता, असं त्या शाळकरी मुलीने त्यात सरळ विचारलं आहे. सावित्रीबाईंनी शाळा काढली म्हणजे काय केलं, याचं उत्तर त्या निबंधात आहे. तुमच्या मुलीला कदाचित सावित्रीबाई होण्यापेक्षा मुक्ता व्हायला आवडेल. विचारून बघा.

आता धाकट्याकडे येते. मला तुमच्या पत्रातली ही गोष्ट जास्त तातडीची वाटली, आणि तुम्ही ती शेवटी लिहिलीत. एक मूल रडत घरी गेलं आहे. त्याला रोज खान व्हावं लागतं ते त्याच्या नावामुळे. ते त्याला कळलेलं आहे, म्हणूनच तो रडला.

आज किंवा उद्या मुलाला घेऊन त्याच्या घरी जा. त्याच्या आईशी तुम्ही मोकळेपणाने बोला, ‘आमच्याकडून हे झालं, मला फार वाईट वाटलं’ म्हणा. पाच वर्षांच्या मुलाकडून भाषणवजा माफी वदवून घेऊ नका. त्याने मित्राला खेळायला बोलवावं, एवढं पुरे. तलवार काही दिवस माळ्यावर गेली तरी हरकत नाही. खेळाचा नियम मात्र तुम्ही घालून द्या. कोणी कोण व्हायचं हे नावावरून ठरणार नाही.

मग गोष्टीचं काय? अफजलखानाची गोष्ट आपण लहान मुलांना सांगतो ती बहुतेक वेळा फक्त वाघनखांची असते. मुलाच्या हाती त्यातून एकच कृती लागते, पोटात खुपसण्याची. 1659 च्या त्या प्रसंगाआधी काय काय घडत होतं, विजापूरच्या दरबारात मराठे सरदारही होते, महाराजांचे वडील शहाजीराजे स्वतः आदिलशाहीत मोठे सरदार होते, खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता, हे कळायला आणखी काही वर्षं लागतील. तोवर हा प्रसंग ‘दोन राज्यांच्या लढाईत घडला’ इतपतच सांगावा, रक्ताची वर्णनं टाळावीत. महाराजांच्या आरमारावर दौलतखान होते, पत्रव्यवहार सांभाळायला काझी हैदर होते, हे मुलाला सहज गोष्टीच्या ओघात येऊ द्या. पण इथेही मघाचीच सावधगिरी. ‘बघ, महाराजांकडे चांगले मुसलमानही होते’ असा सूर लावू नका. त्या मित्राला तुमच्या घरी खेळायला येण्यासाठी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कोणाच्या दाखल्याची गरज नाही.

आणि महाराज म्हणजे एकच प्रसंग, असं कशाला? मला स्वतःला त्यांचं एक पत्र फार आवडतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलांना ते विलक्षण आवडतं असा अनुभव आहे. चिपळूणच्या बाजूला घोडदळाची छावणी होती, तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं. पावसाळा तोंडावर आलेला. महाराज बजावतात की दाणा-वैरण आत्ताच उधळू नका, नाहीतर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी राहतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे आणाल, कोणी भाकर, कोणी भाजी, आणि गरीब लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि पुढे दिव्याची सूचना आहे. रात्री दिवा तसाच जळता ठेवू नका. एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल. एवढ्या मोठ्या राजाला रात्रीच्या उंदराची काळजी! मुलं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. यात उंदीर आहे, घोडे आहेत, आग आहे, आणि गरिबाच्या घरातली भाजी उचलायची नाही हेही आहे. शिवाय यातून छान खेळ होतो. एक जण पहारेकरी, एक उंदीर, बाकीचे घोडे. खान कोणालाच व्हावं लागत नाही.

जयंती साजरी करण्याबद्दल तुम्ही थेट काही विचारलं नाहीत, पण प्रश्न तिथूनच उगवला म्हणून थोडं लिहिते. आपण मुलांपुढे जयंती ठेवतो ती सूर्योदयासारखी, म्हणजे ती असतेच. ती कोणीतरी सुरू केली, हे सांगत नाही. 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, त्यात महाराज शेतकऱ्यांचे, कुळवाड्यांचे भूषण आहेत. 1896 मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवाजी उत्सव झाला, त्यात इंग्रजांविरुद्ध लोकांना एकत्र आणण्याची आस होती. राजा एकच, आणि दोघांनी त्याच्याकडे वेगवेगळ्या गरजेपोटी पाहिलं. आजही कोणी 19 फेब्रुवारीला शिवजयंती करतं, कोणी तिथीने. ‘महाराजांचे दोन वाढदिवस का?’ असं मुलाने विचारलं तर ते टाळू नका. माणसं पुराव्यांवरून, कधी श्रद्धेवरून, तारखा ठरवतात आणि त्यांचं नेहमी एकमत होतं असं नाही, हे पाच वर्षांच्या मुलालाही पचतं.

मुलीला एकदा पुण्याला न्या. गंज पेठेतल्या फुले वाड्यात अजून ती विहीर आहे. ज्यांना गावात पाण्याला शिवू दिलं जात नव्हतं त्यांच्यासाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी 1868 मध्ये आपल्या घरचं पाणी खुलं केलं, हे तिथे उभं राहून सांगा. भिडे वाडा मात्र तिला दिसणार नाही. तो वर्षानुवर्षं मोडकळीला आलेला होता, 2023 च्या डिसेंबरमध्ये पाडला गेला, आणि त्या जागी स्मारक करायचं ठरलं. ‘एवढी महत्त्वाची शाळा होती तर मोडू का दिली?’ असं ती विचारेल. मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर न देता तो तिच्याकडेच राहू द्यावा. प्रवास जमत नसेल तर आपल्या गावातला कुठलाही पुतळा चालेल. चौथऱ्यावरची कोनशिला तिला वाचू द्या. कोणी बसवला, कोणत्या साली, हातात काय आहे, तोंड कुठल्या दिशेला, हार कोण घालतं, आणि एरवी वर्षभर तिथली झाडलोट कोण करतं.

झाडलोटीवरून आठवलं. 20 डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. दिवसा हाताने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे, हा त्यांचा क्रम. अनेक ठिकाणी त्या दिवशी मुलांच्या हाती झाडू देऊन फोटो काढतात. ठीक आहे, पण रोज शाळा झाडणाऱ्या मावशींचं नाव तुमच्या मुलीला माहीत आहे का? नसेल तर ते विचारून येणं ही त्या दिवसाची चांगली तयारी होईल.

एक गोष्ट मोठ्यांच्या वागण्याची. मिरवणुकीमुळे रस्ता अडला की गाडीत बसून आपण जे पुटपुटतो ते मागच्या सीटवरची मुलं ऐकत असतात. कोणत्या जयंतीला आई-बाबा मिरवणूक बघायला खाली उतरतात आणि कोणत्या जयंतीला काच वर करतात, हे मुलं आपोआप टिपतात, आणि त्यातून जो धडा घेतात तो कुठल्याही भाषणाने पुसला जात नाही. कर्णकर्कश आवाजाचा त्रास खरा आहे, मलाही होतो, आणि तो सगळ्याच मिरवणुकांबद्दल सारख्याच शब्दांत सांगावा. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या रस्त्याने मान वर करून चालता येत नव्हतं, त्यांच्यासाठी 14 एप्रिलला भर रस्त्यातून गुलाल उधळत, नवे कपडे घालून जाणं म्हणजे काय असेल, हे मुलांना समजावून सांगता येतं. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात आणि शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. लांबून आलेली, चटईवर रात्र काढलेली माणसं परतताना पुस्तकं घेऊन जातात. मुलांना तिथे घेऊन गेलात आणि प्रत्येकाला एक पुस्तक निवडू दिलंत तर फार बरं होईल.

सासूबाईंशी वाद घालू नका. ‘एवढ्याशा पोरीला हे कशाला’ यात त्यांची माया आहे. नातीला त्यांच्याकडे पाठवा आणि विचारायला सांगा, ‘आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस? तुझ्या वर्गात मुली किती होत्या? तुझी शाळा कोणी बंद केली?’ त्यांचं शिक्षण सुरळीत झालं असेल तर त्यांच्या आईबद्दल विचारावं. बऱ्याच घरांत या प्रश्नाचं उत्तर देताना आजीचा आवाज बदलतो, आणि मग हे कशाला सांगायचं हा प्रश्न त्याच मागे घेतात.

नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. चार लोकांसमोर उभं राहून न अडखळता बोलणं ही शिकण्याचीच गोष्ट आहे, पाठांतर वाईट नाही. फक्त पाठ करायच्या ओळी तिच्या असाव्यात. ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ राहू दे, मुलांना त्यात मजा वाटते. त्यापुढे सावित्रीबाईंचं एकच काम, दुसऱ्या लुगड्यासकट, आणि तिला पडलेला एक प्रश्न. ‘मला प्रश्न पडला की शेण कोणी फेकलं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, आपल्यासारख्याच माणसांनी. मला खूप वाईट वाटलं.’ सात वर्षांच्या मुलीचं एवढं भाषण सभागृहातल्या मोठ्या माणसांनाही ऐकावंसं वाटेल. टिळकांच्या टरफलांची गोष्टही अशीच सांगता येते. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही’ इथे आपण टाळ्या घेऊन थांबतो. एखादं मूल विचारतं, ‘मग उचलली कोणी?’ त्या मुलाला गप्प करू नये.

थोर माणसांच्या चुका, त्यांची आपापसातली भांडणं, हे सगळं मात्र आत्ताच ओतायची घाई नको. टिळक आणि आगरकर जिवाभावाचे मित्र, दोघांनी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या जोडीने 1880 मध्ये सुरू झालेली शाळा उभी केली, पुढे ‘केसरी’त एकत्र काम केलं आणि मग सुधारणांच्या प्रश्नावर कायमचे दुरावले, हे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला चांगलं समजतं, कारण त्या वयात मित्र तुटण्याचं दुःख कळू लागलेलं असतं. 1 ऑगस्टला शाळेत टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती एकाच मंचावर होते, दोन्ही 1920 सालातल्या. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला माणूस एवढा मोठा लेखक कसा झाला, आणि शाळा सुटली का, हा त्या वयाचा प्रश्न आहे. आत्ता नाही विचारला तरी चालेल.

वेशभूषेबद्दल बाईंना दोन ओळींचा निरोप पाठवा. ‘मुलगी नऊवारीऐवजी साध्या कपड्यांत, हातात पाटी घेऊन, मुक्ता साळवेबद्दल बोलली तर चालेल का? आणि कोणालाही शेण फेकणाऱ्यांचं किंवा “खालच्या” जातीच्या माणसाचं सोंग देऊ नये, अशी विनंती.’ हे दुसरं वाक्य घालाच. शाळेतल्या नाटुकल्यांमध्ये अशा भूमिका कधी कधी नेमक्या ज्यांना द्यायला नको त्याच मुलांना दिल्या जातात, आणि पुढे वर्षभर त्यांना त्याच नावाने हाक मारली जाते. मुलग्यांनाही भाषण करू द्यावं, असंही सुचवा. सावित्रीबाई फक्त मुलींच्या वाट्याला आणि शिवाजी महाराज फक्त मुलांच्या, ही वाटणी कोणीतरी मोडायला हवी. बहुतेक शिक्षिका अशा निरोपाने सुखावतात. त्यांनाही दर वर्षी तीच दहा भाषणं ऐकून कंटाळा आलेला असतो.

बाई ‘नाही’ म्हणाल्या तर वाईट वाटून घेऊ नका. नऊवारी नेसवा, दहा ओळी म्हणू द्या, टाळ्या वाजवा. उत्तर घरी द्यायचं आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. त्या मित्राच्या घरी जायला मात्र 3 जानेवारी उजाडायची वाट पाहू नका. जमल्यास आज संध्याकाळीच जा.